डॉक्टर मुजुमदारांची थ्री-नॉट-थ्री आणि माझा राग

डॉ. शरद मुजुमदार यांना मी प्रथम पाहिले ते न्यूझीलंडच्या हट खोऱ्यातल्या आमच्या हॉस्पिटलच्या वृद्धांच्या वॉर्डात. मी तेव्हा पुण्याहून नुकतीच आले होते. फार्मसीची पदवी, कॉन्व्हेंटचे इंग्रजी आणि पर्समध्ये आईने दिलेली अंगाऱ्याची पुडी एवढ्या भांडवलावर मला वॉर्डाची फार्मासिस्ट म्हणून घेतले होते. राउंडच्या वेळी मी सर्वांच्या मागे, औषधांची ट्रॉली धरून उभी असे.

त्या दिवशी खिडकीजवळच्या खाटेवर एक ऐंशी उलटलेले आजोबा होते. जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरलेले. आदल्या दिवसापासून ते नर्सला बायकोच्या नावाने हाक मारत होते आणि अंगावरचे ब्लँकेट कातरायला बघत होते. डॉक्टरांनी विचारले, "यांना काय झालंय?" तरुण निवासी डॉक्टर खांदे उडवून म्हणाला, "वय झालंय."

डॉक्टर मुजुमदार जराही चिडले नाहीत. म्हणाले, "वय तक्त्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं आहे, ते मला वाचता येतं. मी निदान विचारलं." मग सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही सांगा. काय बदललं?"

मी औषधे वाचून दाखवली. एक गोळी नवी होती, लघवीसाठी कोणीतरी सुरू केलेली. निवासी डॉक्टर घाईने म्हणाला की, मग झोपेचीही बंद करू, आणि रक्तदाबाची बदलू. "एक," डॉक्टर म्हणाले. "फक्त एक. तीन बदलल्या, तर बरं कशानं वाटलं हे कोणाला कळणार?" गोळी बंद झाली. आठवड्याच्या आत आजोबांनी नर्सला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली आणि हे ब्लँकेट असे कोणी कुरतडले म्हणून तिलाच विचारले.

राउंड संपल्यावर कॉरिडॉरमध्ये डॉक्टर मराठीत म्हणाले, "पुण्यात कुठे?"

"कॅम्पात. कॉन्व्हेंटमध्ये शिकले."

"म्हणजे इंग्रजीची काळजी नाही. मराठीची चौकशी करायला हवी."

त्या परक्या इमारतीत मी पहिल्यांदा मोकळी हसले.

डॉक्टरांच्या पंचाहत्तरीनिमित्त आपले मराठी मंडळ हा ग्रंथ काढत आहे, त्यासाठी माझ्याकडे लेख मागितला, हा मी माझा मान समजते. पण निमंत्रणासोबत संपादक मंडळींनी फोनवर एक प्रेमळ सूचनाही केली. "ललिताताई, त्यांच्या रुग्णसेवेबद्दल लिहा, गणेशोत्सवाबद्दल लिहा. त्या बंदुकीचं मात्र शक्यतो टाळा. लोकांना बरं वाटत नाही. आणि आता या वयात तो विषय संपलेलाच आहे, नाही का?"

तो विषय संपलेला नाही. "आता या वयात" हे तीन शब्द या माणसाविषयी उच्चारले गेले, की माझे कान तापतात. गेले वर्षभर ते तापलेलेच आहेत. तेव्हा संपादकांची क्षमा मागून मी नेमके त्या बंदुकीबद्दलच लिहिणार आहे. आणि ती बंदूक नव्हे, रायफल आहे.

डॉक्टर तरुणपणी काही वर्षे भारतीय सैन्यात वैद्यकीय अधिकारी होते. नेम धरायला ते तिथे शिकले. न्यूझीलंडला आल्यावर त्यांनी अप्पर हट गावी घर केले, रीतसर परवाना काढला आणि सैन्याने मोडीत काढलेली एक जुनी थ्री-नॉट-थ्री घेतली. अशा रायफली इथे एके काळी घरोघरी होत्या. बहुतेकांनी हरणांच्या शिकारीला हलक्या पडाव्यात म्हणून त्यांची पुढची लाकडे करवतीने कापून टाकली. डॉक्टरांची रायफल अखंड आहे. टोकापर्यंत अक्रोडी लाकूड, दस्त्यावर कोणा अज्ञात सैनिकाने सुरीने कोरलेली दोन अक्षरे. डॉक्टरांनी तिच्याने कधी एक पाखरूही मारलेले नाही. ते कागदावर नेम धरतात. शनिवारी सकाळी डोंगराकडेच्या रेंजवर जातात, पालथे झोपतात, श्वास अर्धा सोडतात आणि शंभर मीटरवरच्या कागदाला भोके पाडतात. ती सगळी भोके चहाच्या बशीखाली झाकली जात. यात कोणाला काय बरे वाटत नाही, ते मला समजलेले नाही.

मला रेंजवर त्यांनीच नेले. माझे पती अरविंद गेले तो हिवाळा मी विसरणार नाही. आपल्या मंडळींनी डबे आणले, शेजारच्या किवी बायकांनी केक आणले. सगळ्यांनी माझा हात हातात घेऊन, विश्रांती घे, असे सांगितले. डॉक्टर मात्र दारातच उभे राहिले. चपलाही काढल्या नाहीत.

"ललिताबाई, शाळेत एनसीसीत होतात ना?"

"होते. पण डॉक्टर, त्याला तीस-पस्तीस वर्षं..."

"शनिवारी सकाळी तयार राहा. गरम कपडे घाला. तिथं वारा फार असतो."

मी चिडले होते. सुतकातून नुकत्याच बाहेर पडलेल्या बाईला हा माणूस रायफल चालवायला नेतो! पण गेले. छोटी टू-टू रायफल खांद्याला लावली आणि मला माझ्या शाळेचे मैदान आठवले. खाकी कमिजीतल्या आम्ही मुली, दस्त्यात अडकणारी वेणी आणि मागे उभी राहून जपमाळ ओढणारी आमची आयरिश मदर. अरविंद गेल्यापासून पहिल्यांदाच मी काही क्षण दुसऱ्या कशाचातरी विचार केला. डॉक्टरांनी त्या दिवशी सांत्वनाचा एकही शब्द उच्चारला नाही. परत येताना डेअरीवर, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानावर, गाडी थांबवून त्यांनी मला आइसक्रीम घेऊन दिले, तेही कडाक्याच्या थंडीत.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही जात असू. क्लबचे सेक्रेटरी ग्रॅहम, निवृत्त भूगोलशिक्षक, आम्हाला पाहिले की माओरीत नमस्कार करत "किया ओरा, पूना रेजिमेंट!" म्हणून ओरडत.

मागच्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या डिसेंबर-जानेवारीत, डॉक्टरांचा नेम बिघडू लागला.

प्रथम बशीबाहेर एखादी गोळी जाई. मग दोन. मग ताट ठेवले तरी भोके झाकली जाईनात. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर तपासून घेतला. सकाळचा चहा सोडून पाहिला. एका शनिवारी ग्रॅहम त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मित्रा, आपण सगळेच एक दिवस तिथं पोचतो." ग्रॅहम मनाचे चांगले आहेत. पण त्या थापेचा मला राग आला. त्याहून राग आला तो डॉक्टरांनी मान हलवली याचा.

डॉक्टरांचा मुलगा निखिल वेलिंग्टनला कॉम्प्युटर कंपनीत आहे. रोज ट्रेनने जातो येतो, आईवडिलांची मनापासून काळजी घेतो. इथे जन्मलेल्या मुलांसारखा तोही मराठी सगळे समजतो आणि उत्तर निम्मे इंग्रजीत देतो. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, "बाबा, लेट्स बी ऑनेस्ट. हात थरथरतोय तुमचा. इट्स नो बिग डील."

"थरथरतोय का रे?" डॉक्टरांनी वाटी धरलेला आपला हात पाहिला.

"थोडासा."

मी तिथे होते. हात थरथरत नव्हता. पण त्या दिवसापासून डॉक्टर आपल्या हाताकडे असे बघू लागले, जसे आपण उधळ्या नातेवाइकाकडे बघतो.

आणि मग एकेक दार बंद होऊ लागले. संध्याकाळी गाडी चालवणे त्यांनी सोडले. आमच्या भागातल्या वृद्धाश्रमात ते दर बुधवारी जाऊन म्हाताऱ्यांना तपासत, नर्सना सल्ला देत. तेही थांबवले. "माझ्या हातून चूक झाली तर?" म्हणाले. रायफलीच्या कागदावरची भोके विस्कटली, म्हणून हा माणूस स्वतःच्या सगळ्या आयुष्याकडे संशयाने पाहू लागला होता. आणि भोवतालचे सगळे जण, मंडळातले, क्लबातले, घरातले, समजूतदारपणे मान डोलावत होते. "वय झालंच की आता." "किती दिवस करणार?" "आता नातवंडांत रमा." मला ओरडावेसे वाटे. या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांसाठी जो प्रश्न विचारला, तो त्यांच्यासाठी एकाही माणसाने विचारला नव्हता!

हिवाळा सरता सरता कळले, की डॉक्टर रायफल विकत आहेत. ग्रॅहमनीच गिऱ्हाईक शोधले होते. कोणी तरुण शिकारी होता. येत्या रविवारी येऊन तो ती घेऊन जाणार होता आणि पुढचे लाकूड कापून टाकणार होता, कारण त्याला ती जंगलात खांद्यावर वागवायची होती. पंचाहत्तरीच्या आधी हा अध्याय मिटवू, असे निखिलने सुचवले होते. हे मला कुसुमताईंनी फोनवर सांगितले. डॉक्टरांच्या या सुगृहिणी पत्नी सहसा कशाबद्दल तक्रार करत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "ललिता, रायफल गेली तर जाऊ दे गं. मला लोखंडाचं काय? पण हे आता पेपरसुद्धा पूर्ण वाचत नाहीत."

शनिवारी मी न विचारता त्यांच्या दारात उभी राहिले. चपला काढल्या नाहीत.

"डॉक्टर, गरम कपडे घाला."

"ललिताबाई, आता कशाला? उद्या ती जायची आहे."

"म्हणूनच आज."

रेंजवर नॉर्थवेस्टर वारा सुटला होता. ग्रॅहम थर्मास उघडून बसले होते. डॉक्टर पालथे झोपले आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. मी दुर्बिणीतून पाहत होते. पहिली गोळी मधोमध. दुसरी तिला जवळजवळ चिकटून. तिसरी वर चढली. चौथी आणखी वर, डावीकडे. पाचवी कुठे गेली ते बघायला मला कागदाची कड शोधावी लागली. मग रायफल निवू दिली आणि पुन्हा तेच. पहिल्या दोन गोळ्या जागेवर, पुढच्या भरकटलेल्या.

"पाहिलंत?" डॉक्टर उठून बसत म्हणाले.

"पाहिलं. डॉक्टर, थरथरणारा हात पहिल्या गोळीलाही थरथरतो. हा कुठला हात, जो दोन गोळ्यांपर्यंत दगडासारखा असतो आणि तिसरीला म्हातारा होतो?"

त्यांनी रिकामी काडतुसे गोळा करायला घेतली.

"काय बदललं, डॉक्टर?"

"काय बदलणार? माझं वय."

आमच्या मदर सांगत, मुलींनो, राग आला की आवाज खाली आणा, वर नको. म्हणजे समोरच्याला ऐकावेच लागते. मी आवाज खाली आणला. "वय तक्त्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं आहे. ते मला वाचता येतं. मी निदान विचारलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना उलट बोलले नव्हते. ग्रॅहमना मराठी येत नाही, पण ते कपात चहा ओतता ओतता थांबले.

"ग्रॅहम," मी इंग्रजीत म्हटले, "तुमची थ्री-नॉट-थ्री यांना द्या."

"माझी?"

"तुमची. आणि गोळ्या याच डब्यातल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

डॉक्टर ग्रॅहमची रायफल घेऊन झोपले. एकेक गोळी सावकाश झाडली. आम्ही तिघे चालत कागदापर्यंत गेलो. मी पिशवीतून बशी काढली. हो, मी घरून बशी घेऊन गेले होते. ती कागदावर ठेवली. सगळी भोके तिच्याखाली गडप झाली.

मग ग्रॅहम डॉक्टरांची रायफल घेऊन झोपले. ते क्लबचे सर्वांत चांगले नेमबाज. त्यांच्याही पहिल्या दोन गोळ्या मधोमध गेल्या आणि तिसरीपासून त्या वर डावीकडे निघाल्या. ग्रॅहम उठले, कान लाल झालेले. "स्वीट ऍज," म्हणजे झकास, असे ते एरवी बारीकसारीक गोष्टीला म्हणतात. आज म्हणाले नाहीत. टोपी काढून म्हणाले, "शॅरॅड, मी तुझी माफी मागतो."

अवघ्या एका सकाळचे काम. जवळजवळ वर्षभरात ते कोणालाच सुचले नाही. रायफलींची एवढी माहिती असलेल्या क्लबात कोणी म्हटले नाही, जरा दुसरी रायफल देऊन बघू या. का सुचावे? पंचाहत्तरीला टेकलेला माणूस समोर असताना आणखी कारण कोण शोधतो? हे लिहितानाही माझ्या पेनाची निब कागदात रुतते आहे.

आता डॉक्टरांच्या चेहऱ्यावर ती राउंडची कळा आली होती, जी मी किती दिवसांत पाहिली नव्हती. त्यांनी बाह्या वर केल्या. बॅरल गोळ्यांच्या तांब्याच्या थराने माखली असेल, म्हणून ती घासून पुसली. पुन्हा गोळ्या झाडल्या. फरक नाही. नेम धरायची पुढची आणि मागची साइट हलवून पाहिली. घट्ट. बॅरलचे तोंड झिजले आहे का ते पाहिले. नाही. मग त्यांनी कागदाची पट्टी बॅरल आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवली. "ही इथून मोकळी जायला हवी आणि टोकाशी अडायला हवी," ते मला समजावू लागले. "टोकाशी लाकूड बॅरलला खालून थोडा आधार देतं. बाकी ठिकाणी शिवायचं नाही." पट्टी मध्येच अडकली, आणि टोकाशी मात्र भुरकन बाहेर आली.

"लाकूड चेपून बसलंय," ग्रॅहम म्हणाले. "बॅरल तापली की त्यावर घासते आणि वळते. तू हे लाकूड कधी काढलं होतंस?"

"कधीच नाही. नीट बसलेलं लाकूड उगाच काढायचं नाही, हे मला सैन्यात पहिल्या आठवड्यात शिकवलं."

"मग आता काढ."

रेंजच्या टेबलावर चादर पसरून डॉक्टरांनी मुख्य स्क्रू सोडवला. तो गरजेपेक्षा जास्त आत गेलेला होता. लाकूड अलगद खाली घेतले, स्क्रूच्या भोकात बोट घातले आणि ते तसेच थांबले.

"पुंगळी नाही," ते म्हणाले.

त्या भोकात एक लहानशी पोलादी पुंगळी असते. करंगळीच्या पेराएवढी. स्क्रू तिच्यातून जातो. कितीही आवळला तरी पुंगळी मध्ये असल्यामुळे लाकूड चेपत नाही. ती नसली, तर स्क्रू आवळाल तसे लाकूड चिरडत जाते, ढिले होते आणि दर गोळीला जागा सोडते. एवढीशी वस्तू. तिच्या नसण्याने एका माणसाची गाडी, बुधवार आणि वर्तमानपत्र गेले होते.

"पण लाकूड कोणी काढलंच नाही तर ती जाईल कशी?" डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणत होते. रायफल घरी कुलपात असते, गोळी आत सरकवणारा बोल्ट वेगळ्या कुलपात. वर्षातून एकदा ती दिवाणखान्यात येते, तीही डॉक्टरांच्या हाताने.

आम्ही दोघे एकदमच थांबलो. खंडेनवमी!

आम्ही घरी पोचलो तेव्हा दुपारच्या चहाची वेळ होती. निखिल सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. डॉक्टरांनी शांतपणे विचारले, "निखिल, मागच्या खंडेनवमीला आत्याचा भारतातून फोन आला आणि मी आतल्या खोलीत गेलो होतो. तेव्हा तू रायफलीला हात लावलास का?"

"यू सेड पूजेच्या आधी पुसायची. सो मी पुसली. लाकूड काढून प्रॉपर पॉलिश केलं, खालून पण. व्हाय?"

"सांगितलं नाहीस."

"सरप्राइझ होतं, बाबा. इट लुक्ड हीप्स बेटर! तुम्ही पण म्हणालात, यंदा छान चमकते आहे."

खरे होते. डॉक्टर तसे म्हणाले होते. मुलाने बापासाठी प्रेमाने केले होते. माझा राग त्याने कमी झाला नाही, उलट त्याला कुठे जावे हे कळेना. मी आवाज खाली आणला. "निखिल, तू दिवसभर कॉम्प्युटरमधले दोष शोधतोस ना रे? तिथं काही बिघडलं, तर मशीन जुनं झालं असं म्हणून घरी येतोस का?"

"मावशी, दॅट्स नॉट फेअर."

"नाहीच आहे. तुझ्या बाबांवरही नव्हतं."

"भांडू नका," कुसुमताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "मला आधी सांगा, काय हरवलंय?"

"पुंगळी, कुसुम," डॉक्टरांनी अंगठा आणि बोट यांच्यात माप धरून दाखवले. "एवढीशी. पोलादी. दोन्ही बाजूंनी उघडी."

कुसुमताईंच्या हातातला चहाचा ट्रे हळूच टेबलावर टेकला. त्या देवघरापाशी गेल्या आणि एक वाटी घेऊन परत आल्या. वाटीत तांदूळ होते. तांदळात एक छोटी नळी उभी रोवलेली होती, राखेने काळवंडलेली, अंगावर हळदीकुंकवाची पुटे. तिच्यात अर्धी जळलेली उदबत्ती होती.

"ही का हो?" त्यांनी विचारले. "दसऱ्याच्या दिवशी केर काढताना टेबलाखाली सापडली. मला वाटलं, पूजेच्या सामानातलाच सुटा भाग आहे. उदबत्ती इतकी छान उभी राहते हिच्यात!"

गेले जवळजवळ वर्षभर डॉक्टर रोज सकाळी त्या वाटीसमोर उभे राहून हात जोडत होते. अर्थात, डोळे मिटून.

मग निखिलला हसू फुटले. कुसुमताईंना फुटले. मीही हसले असते, पण डॉक्टर हसत नव्हते. त्यांनी उदबत्ती काढून ठेवली, पुंगळी तळहातावर घेतली आणि निखिलला म्हणाले, "एक वर्ष तू मला म्हातारा म्हणत होतास, याचं मला काही नाही. तू काळजीनं म्हणत होतास. मी ऐकलं, याचा मला राग आलाय." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून राग हा शब्द स्वतःपुरता ऐकला. "हे वाक्य कोणा पेशंटच्या मुलानं म्हटलं असतं, तर मी त्याला वॉर्डाबाहेर काढलं असतं."

निखिलचे हसू गेले. तो उठून त्यांच्याजवळ बसला. "सॉरी, बाबा," म्हणाला. थोड्या वेळाने मराठीत म्हणाला, "उद्या त्या माणसाला नको सांगतो मी."

"सांग. आणि स्क्रूड्रायव्हर आण. तू काढलीस, तूच बसवायची. मी सांगतो तशी."

चेपलेले लाकूड काही एका दिवसात पूर्वीसारखे होत नाही. पुढचे कित्येक शनिवार बाप-लेक त्या कामात होते. पुंगळी बसवली. चेपलेल्या जागी लाकडाची पातळ चकती चिकटवून ती तासली. कागदाची पट्टी सरकवून पाहायची, कुठे अडते ते बघायचे, तेवढीच जागा घासायची आणि रेंजवर जायचे. एका वेळी एकच बदल. निखिल घाई करी. "दोन्ही करू या ना," म्हणे. डॉक्टर त्याच्याकडे नुसते पाहत. तो घासकागद खाली ठेवी.

या खंडेनवमीला रायफल पुन्हा पाटावर बसली. फोन वाजला, तरी डॉक्टर जागचे हलले नाहीत. ग्रॅहमही आले होते. त्यांना कपाळावर कुंकू लावून घ्यायची हौस होती, आणि त्यांनी आपल्या सुट्या सामानाच्या डब्यातली एक जुनी पुंगळी कुसुमताईंना भेट म्हणून आणली होती. ती आता तांदळाच्या वाटीत आहे.

नंतरच्या शनिवारी डॉक्टरांनी दुरुस्त रायफलीने पहिला पूर्ण डाव खेळला. आम्ही सगळे चालत कागदापर्यंत गेलो. मी बशी ठेवली. सगळी भोके झाकली गेली, फक्त एकाची किनार बशीच्या कडेला जराशी बाहेर दिसत होती. निखिल लगेच म्हणाला, "वारा होता, बाबा."

"वारा नव्हता," डॉक्टर म्हणाले. त्यांनी त्या किनारीवर नख ठेवले. "एवढं वय आहे. बाकीचं पुंगळीचं होतं."

दुसऱ्या बुधवारी ते वृद्धाश्रमात गेले. गाडी स्वतः चालवत.

या समारंभात त्यांना शाल मिळेल, श्रीफळ मिळेल. भाषणांमध्ये आता विश्रांती घ्या असे कोणी म्हणेल, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसलेली असेन, हे वक्त्यांनी ध्यानात ठेवावे. डॉक्टरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, शंभरीच्या वेळी ग्रंथ काढायची वेळ मंडळावर येवो, ही माझी मनापासूनची प्रार्थना. त्या वाटेवर कधी त्यांचा पाय घसरेल, कधी एखादे नाव आठवणार नाही, कधी नेम चुकेल. तेव्हा त्यांच्याजवळ जो कोणी उभा असेल, त्याने कृपा करून त्यांच्या तक्त्याचा कोपरा वाचू नये. त्यांनी आम्हाला शिकवला तोच प्रश्न विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत घरी जाऊ नये.